मुटेनटालमधील थांबलेले पाणी

जर्मनीतील रूर नदीच्या दक्षिण काठावर, व्हिटेन शहराच्या वेशीवर, मुटेनटाल नावाची एक अरुंद आणि दाट झाडीची दरी आहे. रूरचे नाव काढले की उंच धुरांडी, पोलादाच्या भट्ट्या आणि हजार मीटर खोल उतरलेल्या खाणी डोळ्यांपुढे येतात. त्या साऱ्या पसाऱ्याच्या कितीतरी आधी, पाच-दहा माणसांनी चालवलेल्या लहान लहान खाणींतून जिथे कोळसा निघत होता, अशा जागांपैकी ही एक दरी आहे. एका गुराख्याने खळग्यात शेकोटी पेटवली आणि सकाळी पाहतो तर खालचे काळे दगडच धुमसत होते, अशी दंतकथा इथे सांगतात. दंतकथा बाजूला ठेवली तरी सोळाव्या शतकापासून या उतारांवर माणसे कोळसा उकरत होती, हे खरे आहे. आज तिथे रविवारी कुटुंबे फिरायला येतात. वाटेच्या कडेला दगडी कमानी दिसतात, कमानींच्या तोंडाला लोखंडी जाळ्या असतात आणि त्यांतल्या काहींच्या खालून गंजासारख्या तांबूस रंगाचे पाणी झुळझुळत ओढ्याला मिळते.

त्या तांबूस पाण्याशी माझ्या नोकरीचा रोजचा संबंध आहे. बोखुममधील एका सल्लागार कार्यालयात मी भूवैज्ञानिक म्हणून काम करते. सोडून दिलेल्या जुन्या खाणींमुळे जमिनीवरच्या घरांना, रस्त्यांना आणि रेल्वेमार्गांना काय धोका आहे, हे तपासणे हे आमचे काम. माझे बालपण चंद्रपूर जिल्ह्यातील माजरीच्या कोळसा वसाहतीत गेले आणि वडील तिथे ओव्हरमन, म्हणजे जमिनीखालच्या कामावर देखरेख करणारे, होते, त्यामुळे खाण हा विषय मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. तरीही चालू खाणीत वाढलेल्या माणसाला मेलेल्या खाणीचे काम नव्यानेच शिकावे लागते. चालू खाणीत छत कुठे वाजते, हवा कुठे कोंडते, पाणी कुठून येते हे सांगणारी माणसे असतात. दोनशे वर्षांपूर्वी बंद पडलेल्या खाणीत तसे सांगणारे कोणी उरलेले नसते, आणि जे काही कळते ते कागदावरून, जमिनीच्या उंचसखलपणावरून आणि पाण्यावरून.

ही हकिकत पाण्यामुळेच सुरू झाली. फार पावसाचा हिवाळा सरत होता. दरीतल्या पायवाटांची देखभाल करणाऱ्या माणसाने कळवले की, एका जुन्या बोगद्याच्या तोंडातून बारमाही येणारे पाणी जवळजवळ थांबले आहे. जागा खासगी मालकीची असल्याने त्या खाणीचे नाव मी इथे देत नाही. जमीनमालकाला बातमी चांगली वाटली होती, कारण त्या पाण्याने त्याच्या कुरणाची एक कड वर्षानुवर्षे चिखलात असे. आमच्या कार्यालयात मात्र ती बातमी वाचून सगळे गंभीर झाले. आठवडेच्या आठवडे पाऊस पडतो आहे, शेजारच्या प्रत्येक बोगद्याचे पाणी वाढले आहे आणि नेमके एकाचे आटले आहे, याचा अर्थ पाणी संपले असा होत नाही. ते आत कुठेतरी अडले आहे आणि चढते आहे, असाच त्याचा अर्थ होतो.

भारतात खाणकाम शिकलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या, पाण्याने भरलेल्या कामांमधला, म्हणजे कोळसा काढून झालेल्या पोकळ्यांमधला, अडसर फुटला आणि ३७५ माणसे बुडाली. जुन्या पाणथळ कामांच्या ६० मीटरच्या आत जायचे तर वेगळी परवानगी आणि वेगळी काळजी घ्यावी लागते, हा आपल्याकडचा नियम वडिलांच्या तोंडी मी इतक्या वेळा ऐकला आहे की, तो मला कायद्यापेक्षा घरचा दंडकच वाटत आला. मुटेनटालमध्ये खाली माणसे काम करत नव्हती, ही एक जमेची बाजू होती. परंतु बोगद्याच्या तोंडाखाली शाळेच्या सहली जाणारी पायवाट होती आणि तिच्या खाली, ओढ्याच्या काठी, एक वस्तीचे घर होते. तोंडाशी अडकलेला मातीदगडांचा बूच एकाएकी निसटला असता, तर मागचे पाणी चिखलासह त्या वाटेवरच उतरले असते.

इथे या लहान खाणींची घडण सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. रूरच्या दक्षिणेला कोळशाचे थर, म्हणजे सुमारे ३१ ते ३२ कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीच्या जंगलांचे अवशेष, घड्या पडून वर आलेले आहेत आणि उतारावर थेट उघडे पडतात. उत्तरेकडे जावे तसतसा त्यांच्यावर खडूयुगातील चुनखडीयुक्त मातीचा थर चढत जातो आणि कोळसा खोल जातो. म्हणून उद्योगाचा इतिहास दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेला. सुरुवातीला लोकांनी थराच्या माथ्यावरच खड्डे घेतले. खड्डा पाण्याने भरला की तो सोडून काही पावलांवर दुसरा घ्यायचा. जंगलात आजही अशा खड्ड्यांच्या ओळी दिसतात आणि त्या ओळीवरून खालचा थर कोणत्या दिशेला धावतो, ते बिनचूक सांगता येते. पुढची पायरी आडव्या बोगद्याची. दरीच्या तळाजवळून डोंगरात बोगदा घ्यायचा, त्याला आत जाताना अगदी अल्प चढ ठेवायचा, तो थराला भिडला की थराच्या धावेने वळवायचा आणि बोगद्याच्या वरच्या अंगाचा कोळसा काढत राहायचे. त्या अल्प चढामुळे पाणी आपोआप बाहेर येते. पंप नाही, बैल नाही, माणूस नाही, केवळ उतार. खाणीचे आयुष्य त्या उतारावर अवलंबून असे, कारण बोगद्याच्या पातळीखालचा कोळसा कितीही चांगला असला तरी तो पाण्यात असे आणि हाताने उपसून ते पाणी हटत नसे.

या साध्या गोष्टीतून कायदाही घडला. एखाद्याने आणखी खालच्या पातळीवरून लांब बोगदा घेऊन वरच्या अनेक खाणींचे पाणी काढून दिले, तर त्या खाणींच्या उत्पादनाचा नववा हिस्सा मागण्याचा त्याला हक्क होता. पाणी वाहून नेणे ही सेवा कोळसा खणण्याइतकीच मोलाची मानली जात होती, हे मला या प्रदेशाच्या इतिहासातील सर्वांत समंजस कलमांपैकी एक वाटते. प्रशियाच्या फ्रेडरिक दुसऱ्याने १७६६ मध्ये क्लेव्ह, मोर्स आणि मार्क या प्रदेशांसाठी सुधारित खाण कायदा लागू केला, तेव्हापासून तर खाणीचा मालक नावापुरताच मालक उरला. कोणाला कामावर घ्यायचे, मजुरी किती द्यायची, कोळसा कोणत्या दराने विकायचा, बोगदा कोणत्या दिशेला घ्यायचा, हे सारे सरकारी खाण कचेरी ठरवू लागली. पुढच्याच वर्षी खाणकामगारांना लष्करी भरतीतून सूट आणि इतर सवलती मिळाल्या. जो पुढे प्रशियाचा मोठा सुधारक म्हणून प्रसिद्ध झाला, तो फ्रायहेर फॉम श्टाइन १७८४ मध्ये जवळच्याच व्हेटर गावच्या खाण कचेरीचा प्रमुख झाला आणि स्वतः खाणींमध्ये उतरून पाहणी करू लागला. मालकांना हा जाच वाटे. १८६५ च्या कायद्याने ती व्यवस्था मोडीत निघाली आणि भांडवलाला मोकळे रान मिळाले. आर्थिक इतिहासकार त्याला प्रगती म्हणतात आणि ते बरोबरही असेल. परंतु त्या सरकारी जाचामुळेच या प्रदेशातील लहानातल्या लहान खाणीचाही नकाशा काढला गेला, जपला गेला, आणि माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने त्याला तोड नाही.

नकाशा मिळाला तो डॉर्टमुंडमध्ये. आर्न्सबर्ग विभागाच्या प्रशासनाचा खाणविभाग तिथे आहे आणि संपूर्ण नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यातील जुन्या खाणींचे नकाशे त्याच्या ताब्यात आहेत. या राज्यात सोडून दिलेल्या चानकांची, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरींची, आणि बोगद्यांची ३० हजारांहून अधिक तोंडे नोंदलेली आहेत आणि खरा आकडा ६० हजारांच्या घरात असावा, असा अंदाज आहे. २ जानेवारी २००० रोजी बोखुमच्या वाटेनशाइड भागात भर वस्तीत जमीन खचली आणि घराशेजारची गॅरेजे खड्ड्यात गेली, तेही एका जुन्या खाणीमुळेच. २०१३ च्या हिवाळ्यात एसेनच्या मुख्य स्थानकाजवळ रुळांखाली जुन्या पोकळ्या सापडल्या, तेव्हा आठवड्यांमागून आठवडे गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागला होता. असे काही झाले की अभियंते प्रथम धावतात ते या नकाशांकडे.

आम्हाला हवा असलेला नकाशा जाड कागदावर शाईने काढलेला होता. कोळशाचा थर राखाडी, बोगदा फिकट पिवळा, ओढा निळा. एका कोपऱ्यात मोजणीदाराने वनस्पतींची बारीक नक्षी काढलेली, जणू त्याला त्या दुपारी घाई नव्हती. बोगद्याच्या तोंडापासून आत थरापर्यंतचे अंतर, मग थराच्या धावेने गेलेली वाट, तिच्या वरच्या अंगाला कोळसा काढून झालेले तुकडे आणि छताला आधार म्हणून सोडलेले खांब, आणि हवा खेळण्यासाठी जमिनीपर्यंत नेलेली दोन उभी छिद्रे, एवढे सारे त्यावर होते. अंतरे लाख्टरमध्ये होती. प्रशियन लाख्टर म्हणजे २.०९ मीटर. हे गणित सोपे होते. अवघड होती ती दिशा, कारण त्या काळचा मोजणीदार होकायंत्राने काम करी आणि नकाशावरचा उत्तरेचा बाण म्हणजे त्या दिवशी सुई जिकडे वळली ती दिशा. पृथ्वीचे चुंबकीय उत्तर टोक स्थिर नसते. १८०० च्या सुमारास जर्मनीच्या या भागात सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे २० अंश पश्चिमेला झुकत असे. आज ती किंचित पूर्वेला झुकते. नकाशावर साल नव्हते. शंभर लाख्टर लांबीच्या बोगद्यात २० अंशांचा फरक म्हणजे आतले टोक सत्तरेक मीटर इकडचे तिकडे, आणि तेवढ्या अंतरात आमचे छेदनयंत्र अखंड खडकात भोके पाडत बसले असते.

माझ्यासोबत या कामावर असलेले ज्येष्ठ सहकारी खाणमोजणीदार आहेत. बोट्रोपच्या प्रोस्पर-हानिएल खाणीत त्यांची बरीच नोकरी झाली. २१ डिसेंबर २०१८ रोजी तिथून जर्मनीचा शेवटचा दगडी कोळसा वर आला आणि राष्ट्राध्यक्षांच्या हाती देण्यात आला, त्या दिवशीही ते तिथे होते. त्यांनी नकाशावर बोट ठेवून एक बारीकसा चौकोन दाखवला. तो खाणीच्या हद्दीचा दगड होता. अशा दगडांना कायद्याचे संरक्षण असे, त्यामुळे ते सहसा हलवले जात नसत. या राज्याचा लेझर मोजणीने तयार केलेला भूपृष्ठाचा नकाशा सर्वांना मोफत उपलब्ध आहे, आणि त्यात झाडीखालची जमीन झाडे काढून टाकल्यासारखी दिसते. त्यावर आम्हाला जुन्या खड्ड्यांची ओळ स्पष्ट दिसली. बोगद्याचे तोंड आणि जंगलात शोधून काढलेला हद्दीचा दगड हे दोन बिंदू धरून आम्ही नकाशा फिरवत गेलो. एकोणीस-वीस अंशांच्या दरम्यान त्यावरचा थर खड्ड्यांच्या ओळीला बरोबर समांतर आला, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला. त्या अनामिक मोजणीदाराविषयी मला त्या क्षणी जो आदर वाटला, तो शब्दांत मांडणे कठीण आहे. तेलाच्या दिव्याच्या उजेडात, गुडघाभर पाण्यात उभे राहून त्याने हे कोन वाचले होते.

त्या माणसाच्या काळात, म्हणजे १८०० च्या सुमारास, रूरमध्ये दीडशेच्या आसपास खाणी होत्या आणि त्या सगळ्यांत मिळून दीड हजारांच्या आसपास कामगार होते, म्हणजे एका खाणीमागे सरासरी दहा. अशा खाणीत दोघे-तिघे कुदळीने कोळसा तोडत, बाकीचे तो ढकलगाडीतून बाहेर ओढत. कामगारांची स्वतःची थोडी शेती असे, दारात शेळी असे आणि पेरणी-कापणीला ते घरी राहत. कोळसा घोड्यांच्या पाठीवरून लोहारांकडे आणि मीठ शिजवणाऱ्यांकडे जाई. १७८० मध्ये रूर नदीवर बंधारे आणि दरवाजे बांधून ती जलवाहतुकीला खुली झाली, तेव्हा तो पसरट बोटींतून ऱ्हाइन नदीपर्यंत आणि पुढे हॉलंडला जाऊ लागला. १८२९ मध्ये या दरीत घोड्यांनी ओढायची रुळांवरची गाडीही आली. १८३० च्या सुमारास कामगारांसाठी बांधलेले प्रार्थनागृह दरीत अजून उभे आहे. वर प्रार्थना आणि हजेरी, खाली लोहाराचा भाता. कामावर जाण्यापूर्वी माणसाने देवाचे नाव घ्यावे आणि कुदळीला धार लावून घ्यावी, या दोन्हींची सोय एकाच छपराखाली केलेली होती.

दरीच्या तोंडाशी असलेल्या नाख्टिगाल या खाणीचा उल्लेख इथे करायलाच हवा, कारण तिच्यावरून आमच्या लहान खाणीचे नशीब समजते. १७१४ मध्ये तिची पहिली नोंद सापडते आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे तीही अशीच आडव्या बोगद्यांची खाण होती. बोगद्याच्या वरचा कोळसा संपत आला, तेव्हा तिच्यापुढे दोनच मार्ग होते: बंद पडणे किंवा पाण्याखाली उतरणे. पाणी उपसणारे वाफेचे इंजिन एव्हाना रूरमध्ये आले होते. लहानपणी डुकरे राखलेल्या आणि सुतारकाम करत करत स्वतःच्या बुद्धीने यंत्रविद्या शिकलेल्या फ्रान्झ डिनेनडाल याने १८०१ मध्ये बोखुमजवळच्या एका खाणीवर ते उभारले होते. नाख्टिगालने १८३२ मध्ये उभी चानक घ्यायला सुरुवात केली आणि ती या भागातील पहिल्या खोल खाणींपैकी एक ठरली. पुढे तिथे शेकडो माणसे काम करू लागली. परंतु नदी अगदी शेजारी होती. पाण्याचा ओघ आणि उपशाचा खर्च वाढत जाऊन १८९२ मध्ये तीही थांबली. नंतर त्या जागेवर विटांची भट्टी चालली, ती १९६० च्या दशकापर्यंत, आणि आज तिथे उत्तम संग्रहालय आहे. ज्यांच्याकडे चानकेसाठी आणि इंजिनासाठी भांडवल नव्हते त्या आमच्या खाणीसारख्या शेकडो खाणी मात्र बोगद्याच्या वरचा कोळसा संपताच विझल्या. त्यांचे बोगदे तेवढे पाणी वाहत राहिले.

छेदनयंत्र आणले त्या दिवशी सकाळपासून रिमझिम होती. पायवाट आधीच बंद केली होती, खालच्या घरातील कुटुंबाला काही दिवसांसाठी नातेवाइकांकडे जाण्याची विनंती केली होती आणि ओढ्यात एकदम तांबूस गाळ जाऊ नये म्हणून पाणी निवळण्याचे कुंड खोदून ठेवले होते. बोगद्याच्या तोंडाशी कोणी उभे राहायचे नाही, हा पहिला नियम. काम वरून, उतारावरून करायचे; बुचाच्या बऱ्याच मागे, नकाशानुसार बोगदा जिथे असायला हवा तिथे भोक पाडून आतल्या पाण्याची उंची मोजायची. पहिल्या जागी १८ मीटरच्या खाली कोळसा लागला, अखंड. मोजणीदार सहकारी खूश झाले. बाकीचे गोंधळले, तेव्हा त्यांनी नकाशावरचा सोडलेला खांब दाखवला. आम्ही त्या खांबाच्या छातीत शिरलो होतो. यंत्र उताराच्या दिशेने दोनेक मीटर सरकवले. पुन्हा वाळूचा दगड, पुन्हा त्याचा करकरीत आवाज, आणि मग एकाएकी आवाज बंद. दांडा हाताच्या लांबीइतका खाली घसरला. यंत्र चालवणाऱ्याने लगेच हात वर केला. भोकाच्या तोंडाशी वायुमापक धरला, तर ऑक्सिजन फारच कमी निघाला. जुन्या खाणीत कोळसा आणि लाकूड प्राणवायू खात राहतात, त्यामुळे अशी हवा वर येते. सगळ्यांना मागे घेतले, पंखा लावला, वाट पाहिली. नंतर पाण्याची पातळी मोजण्याची पट्टी खाली सोडली.

बोगद्याच्या तळापासून सुमारे सात मीटर पाणी चढलेले होते. बोगद्याच्या वरच्या अंगाची सगळी रिकामी कामे त्याने भरून टाकली होती. सात मीटरचा हा स्तंभ तोंडाजवळच्या त्या मातीच्या बुचावर टेकलेला होता, आणि पाऊस थांबलेला नव्हता.

पंप सोडला. अशा वेळी घाई करून चालत नाही, कारण पाणी भराभर उतरवले तर इतके दिवस पाण्याने उचलून धरलेले छत एकदम उघडे पडते आणि कोसळते. आम्ही पातळी हळूहळू उतरवत गेलो आणि उतारावर बसवलेली मापके सतत वाचत राहिलो. पहिल्या काही तासांत आलेले पाणी स्वच्छ होते, हे पाहून मला आश्चर्य वाटले. नंतर ते चहासारखे तपकिरी झाले आणि त्यात लाकडाच्या कुजलेल्या काड्या येऊ लागल्या. रात्रभर दोघे-दोघे आळीपाळीने जागलो. पहाटे पातळी बोगद्याच्या छताच्या खाली गेली, तेव्हा माझ्या सहकाऱ्यांनी खाणकामगारांची जुनी शुभेच्छा उच्चारली आणि सर्वांना कॉफी ओतली. मी माजरीला फोन लावला. तिथे सकाळ बरीच वर आली होती. वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, “उतारावर तडा गेला का कुठे?” नाही म्हटल्यावर ते म्हणाले, “मग आता झोप.”

तोंड उघडण्याचे काम पुढच्या आठवड्यात झाले, आणि त्यात जे निघाले त्याची कोणालाच कल्पना नव्हती. बुचाच्या मागे, जिथे नकाशावर कोळशाचा भक्कम खांब दाखवला होता, तिथे खांब नव्हता. तो कोणीतरी नंतर काढून नेला होता. कोसळलेल्या दगडांत अठराव्या शतकातील ओक लाकडाऐवजी करवतीने कापलेले पाइनचे टेके आणि रुळाचा एक तुकडा अडकला होता. जुन्या भागाच्या भिंतींवर कुदळीचे आखूड, एकसारखे घाव दिसत होते. या भागातले घाव वेडेवाकडे आणि घाईचे होते.

उलगडा केला तो ओढ्याकाठच्या घरातील वृद्ध आजींनी. त्या घरी परतल्या होत्या आणि आमच्यासाठी सूप घेऊन उतार चढून आल्या. त्यांनी तो रुळाचा तुकडा पाहिला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की, युद्धानंतरच्या हिवाळ्यात त्यांचे वडील आणि शेजारी इथून रात्री कोळसा काढत असत. आई दाराशी उभी राहून कोणी येत नाही ना, ते पाहत असे. १९४६-४७ चा तो हिवाळा जर्मनीत उपासमारीचा हिवाळा म्हणून ओळखला जातो. रूरमध्ये कोळसा निघत होता, पण तो वाटपात जाई आणि घरातली चूल थंड राही. त्या वर्षांत या दक्षिणेकडच्या उतारांवर लोकांनी आजोबा-पणजोबांच्या काळातील बोगदे पुन्हा उघडले. त्यांतल्या काही खाणींना पुढे रीतसर परवाने मिळाले आणि रूरमधल्या अशा छोट्या खाणी १९७० च्या दशकापर्यंत टिकल्या. पुष्कळशा कामांची मात्र कुठेच नोंद झाली नाही. खाण कचेरीचा मोजणीदार तिथे कधी आला नाही, म्हणून नकाशावर तो खांब जसाच्या तसा राहिला. ज्यांनी तो तोडला त्यांना दोष देण्याचा विचारही माझ्या मनात आला नाही. “आम्हाला त्या वर्षी न्यूमोनिया झाला नाही,” एवढेच आजी म्हणाल्या.

त्यांचे म्हणणे आम्ही त्यांच्या परवानगीने अहवालात नोंदवले. नाव न घालता, पण जागेच्या आणि काळाच्या तपशिलासह. खाण विभागाच्या अधिकाऱ्याने त्यावर स्वतंत्र टिपण मागवले, कारण शेजारच्या दोन उतारांवरही नकाशातील खांब आता जागेवर आहेत असे गृहीत धरता येणार नव्हते. दरीतल्या इतर म्हाताऱ्या माणसांशी बोलायला हवे, असे मी सुचवले आणि ते मान्य झाले. युद्धानंतर लहान असलेली ती पिढी आता नव्वदीकडे झुकली आहे, म्हणून हे काम लवकर करणे भाग आहे.

बोगद्याच्या तोंडाशी आता धुतलेल्या खडीचा गाळणथर आणि त्यातून बाहेर येणारा रुंद पाइप आहे. त्यावर आडव्या सळयांचे फाटक आहे, कारण या बोगद्यांमध्ये वटवाघळे हिवाळा काढतात आणि त्यांना ये-जा करण्यासाठी फट ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. पाण्याचा प्रवाह मोजणारे यंत्र बसवले आहे आणि त्याचे आकडे बोखुमच्या कार्यालयात येतात. दोन हवा-छिद्रांपैकी एक नकाशात होते त्या जागेपासून दोन मीटरांच्या आत सापडले. त्यावर काँक्रीटची झाकणपट्टी टाकून त्याची नोंद राज्याच्या यादीत केली आहे. दुसरे अजून सापडलेले नाही. लेझरच्या नकाशावर त्या ठिकाणी काहीच दिसत नाही आणि तिथे आता बीचची जुनी झाडे आहेत, तेव्हा ते बुजवले गेले असावे किंवा त्याच्या तोंडावर कुजलेल्या फळ्यांवर माती साचली असावी. तोपर्यंत त्या पट्ट्याला दोरी बांधून फलक लावला आहे. पुढचे छेदन सप्टेंबरमध्ये, वटवाघळे आत येण्यापूर्वी ठरले आहे.